मेनूकार्ड वाचून शेवभाजी

जळगावच्या हॉटेलात चार तरुण जेवायला बसले की आधी मेनूकार्ड वाचतात. पहिल्या पानावरच्या टोमॅटो सूपपासून शेवटच्या पानावरच्या गडबड आइस्क्रीमपर्यंत काहीही सोडत नाहीत. पनीरचे सगळे प्रकार मोठ्यांदा वाचून होतात. 'व्हेज मराठा' आणि 'व्हेज कोल्हापुरी' यांत फरक काय, असं वेटरला विचारलं जातं. तो सांगतो, "ती लाल राहते, ही जास्त लाल राहते." एकजण चायनीजचं पान उघडून 'ट्रिपल शेजवान'मधले तिन्ही घटक कोणते असावेत यावर मत देतो. दुसरा उजवीकडचे आकडे बघून पान उलटतो. मग मेनूकार्ड मिटतं आणि चौघांतला सगळ्यात भुकेला म्हणतो, "दोन शेवभाजी सांग भो. अन् रस्सा जास्त आणजो." वेटरनं ते केव्हाच लिहून ठेवलेलं असतं.

आता ही शेवभाजी म्हणजे काय? आमच्या लहानपणी घरात भाजी संपली की ती व्हायची. बाजाराचा दिवस लांब असायचा, मे महिन्यात पालेभाजी दुपारपर्यंतच माना टाकायची, आणि नेमका अशा वेळी कुणी मामा एरंडोलहून न कळवता यायचा. घरात कांदा असे, सुकं खोबरं असे, लसूण तर असेच, वर्षाचा काळा मसाला बरणीत असे आणि फळीवरच्या डब्यात जाड तिखट शेव असे. आई कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजायची, पाट्यावर वाटायची, सढळ तेलात परतून पाणी ओतायची. रस्सा खळखळला की मामा पानावर. घरात काहीच नाही हे मामाला कळू नये, एवढाच त्या भाजीचा उद्देश. मामालाही ते कळायचं. तो तिसरी भाकरी मागून घ्यायचा आणि विषय संपायचा.

त्याच मामाचा नातू आज मोटारसायकलवर तिघांना बसवून, पेट्रोल जाळून, हॉटेलात पैसे मोजून तीच भाजी खातो. आणि रविवारी आई म्हणाली, "आज तू कर रे काहीतरी," तर व्हाइट सॉस पास्ता करतो. घरचं जेवण बाहेर गेलंय आणि बाहेरचं घरात आलंय. अदलाबदल इतकी चोख झाली आहे की हॉटेलवाल्यानं पाटीवर 'घरगुती चव' लिहिलंय आणि मुलगा घरी पास्ता पुढे ठेवताना सांगतो, "बघ आई, एकदम हॉटेलसारखा."

शेवभाजीत शेव केव्हा टाकायची, हा खान्देशातला गंभीर प्रश्न आहे. आधी टाकली तर तिचा लगदा होतो, फार उशिरा टाकली तर ती वर तरंगत राहते आणि रस्सा तिला ओळख देत नाही. म्हणून पार्सल नेताना रस्सा एका पिशवीत आणि शेव दुसऱ्या पिशवीत देतात. घरी पोचेपर्यंत दोघांची गाठ पडू नये याची काळजी मुलगा-मुलगी बघण्याच्या कार्यक्रमातही कुणी घेत नाही एवढी घेतली जाते. शेव पानात पडल्यापासून ती अर्धी मऊ आणि अर्धी कुरकुरीत असते तो काळ फार थोडा. त्या काळात खान्देशी माणूस फोन उचलत नाही.

शिवाय ही भाजी तरुणांच्या खिशाचा विचार करते. चौघांत दोन प्लेट मागवायच्या, शेव संपली की "भाऊ, जरा रस्सा" म्हणायचं. रस्सा येतो. पुन्हा म्हणायचं, पुन्हा येतो. तिसऱ्या वेळी वेटर मालकाकडे बघतो, मालक गल्ल्यात बघतो. नेहमीचे लोक तिसऱ्या वेळेआधी एक पापड मागवतात, म्हणजे नव्यानं हक्क उत्पन्न होतो. भाकरी मात्र जपून मागवावी लागते. ज्या भाकरीला घरी "रोज रोज काय भाकरी" म्हणून नाक मुरडलं, तिचा दर इथं तंदुरी रोटीपेक्षा जास्त असू शकतो, कारण ती चुलीवरची. घरीही चूल होती. मुलगा दहावीला असताना ती त्यानंच काढायला लावली, धुरानं अभ्यास होत नाही म्हणून.

धुळ्याची तऱ्हा थोडी वेगळी. तिथं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात, त्यामुळे गावाच्या चारी दिशांना ढाबे. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं धुळ्याची नवी पेठ आखली. रस्ते सरळ, गल्ल्या काटकोनात. हेतू काय असेल तो असो, आज संध्याकाळी पाच कंदिलापासून सुटलेल्या मोटारसायकलीनं नाकासमोर जाऊन ढाबा गाठावा, अशीच ती आखणी वाटते. आग्रा रोडवरच्या हातगाड्यांपुढे मात्र ब्रिग्जचंही काही चालत नाही.

धुळ्याच्या तरुणांच्या मते शेवभाजीची चव गावापासूनच्या अंतरावर ठरते. घराशेजारच्या हॉटेलातली 'बरी'. बायपासवरची 'भारी'. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा सोनगीरच्या बाजूला गेलं तर तिच्याबद्दल बोलायला शब्दच नसतात, नुसती मान हलवतात. गावातला आचारी गावात असेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. तोच नोकरी सोडून ढाब्यावर लागला की त्याच्या हाताला चव येते. तुम्ही म्हणाल, हे सगळं मनाचे खेळ. पण एक बाजू खरीही आहे. इथं मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेली स्लॅब रात्री अकरापर्यंत घरातल्या माणसांना भाजून काढते. पंखा गरम हवा गोल फिरवतो एवढंच. अशा वेळी उघड्यावरची बाज, अंगावरून जाणारा वारा आणि ट्रकच्या हॉर्नांमध्येही ऐकू येणारी फोडणी, यासाठी माणूस दहा किलोमीटर गेला तर त्यात चूक काय? वाटेत ओळखीचा कुणी कुठं निघालात म्हणून विचारतोच, "कथा चालना भो?" त्याला "कथीच नही, अशीच" असं उत्तर द्यायचं, नाहीतर तो मागे बसतो.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. हल्ली मोठ्या हॉटेलांत शेवभाजी चिमुकल्या तांब्याच्या हंडीतून आणतात. भांडं इतकं देखणं असतं की आत किती कमी आहे हे फोटो काढून झाल्यावरच लक्षात येतं.

कॅफेबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर तरुण वाचक रागावतील. दोन्ही गावांत कॅफे झाले आहेत. भिंतीवर इंग्रजी वाक्यं, छताला दिव्यांच्या माळा, कोल्ड कॉफी. तिथं कुणी पोट भरायला जात नाही. दोन माणसांना निवांत बोलायला जागा हवी असते आणि जळगावात नात्यातला माणूस भेटणार नाही असा चौक नाही. म्हणून आतल्या कोपऱ्यातलं टेबल आधी भरतं. आमच्या माहितीतली एक जोडी अशीच कोपऱ्यात बसली, तर पलीकडच्या टेबलावर मुलीचे सख्खे मामा चीज पिझ्झा खात होते. डॉक्टरांनी त्यांना चीज बंद केलं होतं आणि मामींनी त्यावर पहारा बसवला होता. दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाहिलं, दोन्ही पक्षांनी पाहिलं नाही. पुढं त्या लग्नाला घरातून पहिला पाठिंबा मामांचा आला.

घराबाहेर खोली करून राहणाऱ्यांचं वेगळं. जळगावात शिकायला आलेली मुलं एम. जे. कॉलेजच्या आसपास किंवा बांभोरीच्या बाजूला विद्यापीठाच्या आधारानं राहतात. हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईनं शेतातली आणि घरातली कामं करता करता कविता रचल्या, तिच्या नावाच्या विद्यापीठातला विद्यार्थी इंडक्शनच्या शेगडीवर मॅगी करता करता उद्याची असाइनमेंट मित्राच्या वहीतून उतरवतो. हात दोघांचेही दोन कामांत आहेत, एवढं साम्य मान्य करायला हरकत नाही.

पण मॅगीचं राज्य पहिल्या पंधरवड्यापुरतं. मग खिचडी येते. खान्देशात रात्रीची खिचडी हे आजाऱ्याचं जेवण नव्हे. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, लसूण आणि डोळ्यांत पाणी येईल एवढं तिखट. ताटात वाढली की मध्ये खळगा करून त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल किंवा लसणाची चुरचुरीत फोडणी ओतायची. सोबत भाजलेला पापड, जमली तर कढी. आमचा भाचा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा खोलीतल्या कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या मुलांनी त्याला पहिल्याच रात्री विचारलं, "पोट बिघडलंय का रे? खिचडी करतोयस म्हणून." त्यानं काही न बोलता दोघांना वाढलं. दुसऱ्या दिवशी पोट कुणाचं बिघडलं हे सांगण्यात हशील नाही. आठवड्याभरात दोघंही तेलाची बाटली स्वतःच पुढे ओढू लागले.

या खोल्यांत स्वयंपाकाला तशी परवानगी नसते. करार करताना "फक्त चहा" असं ठरलेलं असतं. पण लसणाची फोडणी लपत नाही, ती जिन्यातून खाली मालकांच्या ओटीवर जाते. एका खोलीतल्या मुलांनी मालकीणबाईंची पावलं ऐकून शेगडी पलंगाखाली सरकवली आणि पुस्तकं उघडली. बाई दारातूनच म्हणाल्या, "लसूण करपला रे. जिरं आधी टाकायचं, लसूण मागून, आणि आच कमी ठेवायची." सांगून खाली गेल्या. तेव्हापासून त्या घरात करारापेक्षा फोडणी मोठी ठरली. दर शनिवारी वाटीभर कढी वर येऊ लागली आणि भाडं मात्र वेळेवर खाली जाऊ लागलं.

या मुलांच्या सोप्या स्वयंपाकाचं खरं भांडवल घरून येतं. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कुटतात, काळा मसाला होतो. धने, खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग वेगवेगळं तेलावर भाजून केलेला. तो डबा भरून पोराच्या बॅगेत जातो. पोरगा त्यातला चमचाभर कशातही टाकतो. बटाट्यात टाकला तर बटाट्याची भाजी, अंड्यात टाकला तर अंडाकरी, काहीच नसेल तर पाण्यात टाकून वर शेव. इंटरनेटवरच्या पाककृतींत सतरा जिन्नस असतात, हा एक जिन्नस सतरांची हजेरी लावून येतो. परीक्षेच्या काळात एका मुलानं तो मॅगीत टाकल्याचं कळल्यावर त्याची आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बरी लागली का पण?"

आणि 'इन्स्टंट' म्हणाल तर आमच्या गच्च्यांकडे बघा. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या गच्च्यांवर चालायला जागा नसते. जुन्या साड्यांवर ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड, शेवया, मुगाच्या वड्या. जे ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, त्याच्याकडून बायका वर्षभराचं काम करून घेतात. राखणीला घरातला तरुण बसवतात, कारण तो नाहीतरी मोबाइल बघत बसणारच. कावळ्यांनाही आता कळलं आहे की मान खाली असलेला हा प्राणी निरुपद्रवी आहे. या मेहनतीचा मोबदला गरम गरम गव्हाचा चीक. तो वाटीत घेऊन जिन्यात बसून खाणं ही उन्हाळ्याच्या सुट्टीतली एकमेव मजुरी आम्हाला मिळाली आणि ती कधी कमी वाटली नाही. पुढं मुगवडीची भाजी करायला लागतात दहा मिनिटं. वड्या तेलात परता, कांद्याचं वाटण घाला, पाणी ओता, झालं. आमच्या तरुणांना हे जुनाट वाटायचं. मग पुण्यातल्या एका दुकानात तीच वडी 'होममेड' अशी चिठ्ठी लावून पाव किलोच्या पाकिटात दिसली. किंमत वाचून त्यांनी घरी फोन केला, "आई, यंदा वड्या जास्त घाल."

हे सगळं ठीक. पण थंडी पडली की बाकीचे पदार्थ रजेवर जातात आणि भरीत येतं.

जळगावचं भरताचं वांगं बाजारातल्या जांभळ्या वांग्याच्या वाटेला जात नाही. हिरवट, पांढुरक्या रेघांचं, हाताच्या पंजात न मावणारं, बिया कमी. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. बामणोद, भादली, असोदा ही त्याची घराणी. असोदा हे बहिणाबाईंचं माहेर. एका गावच्या मातीनं एवढ्या दोन गोष्टी दिल्यावर तिच्याकडून आणखी काही मागू नये.

या दिवसांत तरुणांची 'पार्टी' म्हणजे भरीत पार्टी, आणि तीही कुणाच्या तरी शेतात. बाहेर जेवायला जायचं म्हणून निघतात आणि आयुष्यात घरी केलं नसेल एवढं काम करतात. जो मुलगा घरी ताट उचलत नाही, तो कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन येतो. जाळ करायचा, त्यात वांगी काळी होईपर्यंत भाजायची, बोटं पोळत साल काढायची, मग लाकडी भांड्यात घालून लाकडी मुसळीनं बडवायची. एकजण हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परततो, एकजण कांद्याची पात चिरतो, एकजण शेंगदाणे सोलता सोलता खाऊन संपवतो. आणि प्रत्येक पार्टीत एकजण असा असतो की जो बांधावर उभा राहून "धूर जास्त होतोय," "तेल कमी पडेल" एवढंच सांगतो. जेवताना पहिल्या पंगतीत तोच. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकऱ्या किंवा पुऱ्या घरून बांधून आणलेल्या असतात, आणि त्या कुणाच्या आईनं आणि किती पहाटे उठून केल्या हा प्रश्न पार्टीत कुणी काढत नाही. मोठ्या शहरांत असं सगळं समोर शिजवून दाखवलं की त्याला 'लाइव्ह काउंटर' म्हणतात आणि माणशी दर लावतात. इथं पाहुण्यालाच मुसळी देतात.

२०१८च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावच्या सागर पार्कवर अडीच हजार किलो भरीत करून विक्रम केला. गाव लोटलं, लोकांनी खाल्लं, मनापासून दाद दिली. मग प्रत्येकानं घरी जाऊन त्याची आपल्या आईच्या भरताशी तुलना केली. निकाल सगळ्या घरांत सारखाच लागला आणि प्रत्येक घरात विजेती वेगळी होती.

ज्याला शेत नाही, मित्र नाहीत किंवा वेळ नाही, त्याच्यासाठी गावात भरीत विकणारी दुकानं आहेत. किलोवर तोलून मिळतं. आणि पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जातं. डबा, त्यावर पिशवी, पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर नाव आणि फोन नंबर, ड्रायव्हरला तीनदा सूचना. एसी बसच्या खिडक्या उघडत नाहीत. पारोळा यायच्या आत लसणाचा वास शेवटच्या सीटपर्यंत पोचतो, धुळ्याला अर्धी बस जागी होते, आणि मनमाडच्या पुढं एखादा प्रवासी ड्रायव्हरला हळूच विचारतो, "भाऊ, त्या डब्याचं कोण उतरणार आहे? कुठल्या स्टॉपला?" पहाटे पुण्यात वाकडला चारपाच तरुण स्वेटर घालून बस येण्याच्या आधीपासून उभे असतात. आई स्वतः आली असती तर यातला एकच आला असता.

वरण-बट्टीबद्दल फार लिहीत नाही. ती खाऊन झाल्यावर कुणी काही लिहू शकलं आहे असं ऐकिवात नाही. जाड दळलेल्या पिठाचे गोळे आधी वाफवायचे, कापून तळायचे, वरणात चुरायचे आणि त्यावर तूप ओतायचं, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. लग्नात ती वाढतात ते पाहुण्यांनी दुपारी मानपानावरून भांडू नये म्हणून, असा माझा जुना संशय आहे.

आता राहिले रोट. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते आणि तिच्या नैवेद्याचे रोट होतात. नियम असा की ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, ऑफिसातल्या साहेबाला तर नाहीच. हॉटेलात मिळत नाहीत, पार्सल होत नाहीत, कुठलं अ‍ॅप ते दारात आणून देत नाही आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला तीनदा सांगून उपयोग नाही. ज्याला खायचे त्यानं स्वतः यायचं. म्हणून त्या आठवड्यात सुरत, पुणे, मुंबईहून येणाऱ्या गाड्या तुडुंब असतात आणि कंपन्यांतून रजेचे अर्ज पडतात. भाच्याचा साहेब चेन्नईचा. त्यानं कारण विचारलं तर हा म्हणाला, "रोट खायचेत." साहेबानं समजुतीनं विचारलं, "ऑनलाइन मागव ना. मी पण टेस्ट करतो." भाच्यानं अर्धा तास खर्चून त्याला समजावलं की तुम्ही टेस्ट करू शकत नाही, कारण तुम्ही आमचे भाऊबंद नाही. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, रजा दिली, आणि विचारलं, "भाऊबंद व्हायला काय करावं लागतं?" भाचा म्हणाला, "सर, आधी जमिनीच्या वाटणीवरून भांडावं लागतं."